डिकीतली १२ व्होल्टची बॅटरी : सोलापुरातील एक दुकान, एक चार्जर आणि वर्षभराच्या नोंदी

मागच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पुण्यात लेकीकडे तेवीस दिवस राहून मी वंदे भारतने रात्री सोलापूरला परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जुळे सोलापुरातल्या घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या दाराला हात लावला, तर कुलूप उघडले नाही. रिमोटच्या आत दडवलेली बारीक चावी काढून चालकाचे दार उघडले. आत एकही दिवा लागला नाही. गाडी हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर या दोन्हींवर चालणारी आहे, तिच्या मागच्या सीटमागे दोनशे व्होल्टच्या आसपासची मोठी बॅटरी आहे आणि पुण्याला निघण्यापूर्वी ती निम्म्याहून अधिक भरलेली मी स्वतः पडद्यावर पाहिली होती. बंद पडली होती ती डिकीच्या उजव्या कोपऱ्यात आच्छादनाखाली बसवलेली १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती बदलण्यासाठी मला सोलापुरात तीन दुकाने पाहावी लागली. त्यांपैकी एका दुकानाने योग्य बॅटरी दिली आणि तिथेच घेतलेल्या चार्जरने ती वर्षभर चांगली राखली. हे परीक्षण त्या दुकानाच्या सेवेचे, त्या बॅटरीचे आणि त्या चार्जरचे आहे. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे घरात मल्टीमीटर आहे आणि नोंदी ठेवण्याची सवयही आहे. खाली दिलेले आकडे त्या वहीतले आहेत.

ज्यांनी अशी गाडी नुकतीच घेतली आहे त्यांना आधी हे सांगायला हवे की ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हटल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत नेहमीचा स्टार्टर, ज्याला आपण ‘सेल्फ’ म्हणतो, तो नसतो आणि इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटरही नसतो. इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. छोट्या बॅटरीवर गाडीतले सगळे संगणक, दारांची कुलुपे, दिवे आणि नियंत्रणे चालतात; शिवाय मोठ्या बॅटरीला बाकीच्या यंत्रणेशी जोडणारे रिले, म्हणजे विजेने ओढले जाणारे खटके, छोट्या बॅटरीच्या विजेवरच ओढले जातात. गाडी बंद केली की सुरक्षिततेसाठी मोठी बॅटरी यंत्रणेपासून पूर्णपणे तुटते, आणि तिला पुन्हा जोडण्याइतका जोर छोटीत उरला नसेल तर मोठीतली सगळी वीज निरुपयोगी ठरते. विहीर तुडुंब भरलेली असावी आणि पोहऱ्याला दोर नसावा, अशी ती अवस्था असते. एकदा पडद्यावर ‘रेडी’ उमटले की डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीची वीज चौदा व्होल्टच्या आसपास उतरवून छोटीला भरू लागतो. ब्रेकवर पाय न ठेवता नुसते बटण दाबून गाणी ऐकत बसल्यास मात्र हा कन्व्हर्टर चालू होत नाही, आणि सगळा भार छोट्या बॅटरीवर पडतो.

तेवीस दिवसांत नेमके काय झाले याचा हिशेब मी नंतर मांडला. बंद गाडीतही रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, चोरीविरोधी यंत्रणा आणि संगणकांची स्मृती यांना थोडी वीज लागत राहते. माझ्या गाडीत ती मोजली तेव्हा सुमारे ३० मिलिअँपिअर भरली. हा आकडा किरकोळ वाटतो. पण तेवीस दिवसांचे ५५२ तास धरले तर साडेसोळा अँपिअर-अवर होतात (एक अँपिअरचा प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर). माझी बॅटरी नवी असताना ४५ अँपिअर-अवरची होती, पण ती चार उन्हाळे काढलेली होती आणि तिची प्रत्यक्ष क्षमता निम्म्यावर आली असावी. त्यातच मेच्या उष्णतेत शिसे-आम्लाच्या कोणत्याही बॅटरीची आपोआप होणारी गळती वाढते. त्यात माझी एक चूक अशी की रिमोट ज्या खुंटीला टांगलेला असे ती खुंटी शेडला लागून असलेल्या भिंतीवर होती. रिमोट गाडीच्या इतक्या जवळ राहिला की गाडीची यंत्रणा नीट झोपत नाही. आता तो स्वयंपाकघरात असतो.

त्या सकाळी डिकी उघडेना, कारण तिचे कुलूपही विजेवरच चालते. सुदैवाने अशा गाड्यांत बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्यात लाल टोपीखाली जंपसाठी, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज जोडून गाडी सुरू करण्यासाठी, वेगळे टर्मिनल दिलेले असते, आणि बॉनेट तारेने ओढून उघडते. तिथे मीटर लावला; ७.९ व्होल्ट. शेजारच्यांनी बोलावलेल्या एका मेकॅनिकने मोठी बॅटरी गेली असून लाखाच्या पुढे खर्च येईल असे सांगितले आणि तोवर ‘जरा करंट मारून बघू’ म्हणून गॅरेजमधला ट्रकच्या बॅटऱ्यांचा जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर मागवला. मी तो लावू दिला नाही, आणि हा निर्णय योग्य होता असे मला आजही ठामपणे वाटते. व्होल्टेजवर नियंत्रण नसलेला असा चार्जर सोळा व्होल्टच्या पुढे सहज जातो. पाण्याच्या बॅटरीत त्यामुळे बुडबुडे येतात, पाणी कमी होते आणि ते वरून घालता येते. बंदिस्त बॅटरीतले पाणी एकदा वायू होऊन झडपेतून गेले की परत घालण्याची सोय नसते. शिवाय बॅटरी गाडीला जोडलेली असताना ते सगळे व्होल्टेज नाजूक संगणकांवर जाते. चुकून चिमटे उलटे लागले तर कन्व्हर्टर किंवा मुख्य फ्यूज जाण्याचा धोका असतो, आणि हायब्रिडमध्ये हे दुरुस्तीचे काम स्वस्त नसते.

अखेर समोरच्या घरातल्या मुलाने त्याच्या गाडीची बॅटरी जोडून दिली. त्याचे इंजिन बंद ठेवले, धन चिमटा लाल टोपीखालच्या टर्मिनलला आणि ऋण चिमटा इंजिनाजवळच्या उघड्या धातूला लावला. ब्रेक दाबून बटण दाबताच ‘रेडी’ उमटले. इथे हायब्रिडचे एक सुख आहे : सेल्फ फिरवायचा नसल्याने जंप देणाऱ्या बॅटरीवर फार थोडा भार येतो. उलट दिशेने मात्र हा व्यवहार करू नये. दुसऱ्याच्या डिझेल गाडीला जंप देण्यासाठी आपली हायब्रिड पुढे करणे म्हणजे त्या गाडीच्या सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा झटका आपल्या छोट्या बॅटरीकडून आणि कन्व्हर्टरकडून मागणे होय, आणि त्यांची बांधणी त्यासाठी झालेली नसते.

गाडी चालू ठेवूनच मी बॅटरी शोधायला निघाले. पहिल्या दुकानात मला जास्त अँपिअरची साधी बॅटरी देऊ केली गेली, आणि ‘सेल्फ जोरात मारेल’ हे तिचे गुणवर्णन होते. ज्या गाडीत सेल्फच नाही तिच्यासाठी हा गुण बिनकामाचा आहे, हे मी सांगितले तरी दुकानदारांना पटले नाही. दुसऱ्या दुकानात माप जुळणारी पाण्याची बॅटरी होती आणि डिकीतली वायूची नळी काढून टाकली तरी चालेल, असा सल्ला मिळाला. हा सल्ला घातक आहे. चार्ज होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडू शकतो, हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि डिकी ही प्रवाशांच्या डब्याला जोडलेली बंद जागा आहे. म्हणूनच अशा ठिकाणी झडपेची बंदिस्त बॅटरी बसवतात आणि तिच्या बाजूच्या छिद्राला नळी लावून ती गाडीच्या खाली बाहेर काढतात.

तिसरे दुकान अशोक चौकाच्या पुढे, यंत्रमागांच्या भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. घरची बोली तेलुगू असलेल्या त्या दुकानदारांना सगळे ‘अण्णा’ म्हणतात. त्यांनी दर सांगण्याआधी मला प्रश्न विचारले, आणि मी या दुकानाची शिफारस करते ती प्रामुख्याने त्या प्रश्नांमुळे. बॅटरी पुढे आहे की मागे, तिला नळी आहे का, टर्मिनल जाड आहेत की बारीक, धन टर्मिनल कोणत्या बाजूला आहे, आणि सगळ्यात शेवटी, “मॅडम, गाडी रोज फिरते की उभीच असते?” या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून त्यांनी चार्जरचाही विषय काढला. जुन्या बॅटरीवरचा संकेत त्यांनी स्वतः डिकीत वाकून वाचला आणि योग्य बॅटरी आज दुकानात नाही, पुण्याहून मागवावी लागेल, दोन दिवस लागतील, असे स्पष्ट सांगितले. तोवर एखादी साधी बॅटरी बसवून द्या, असे मी घाईत म्हणाले, तेव्हा त्यांनी नकार दिला : “डिकीत पाण्याची बॅटरी मी लावून देणार नाही. दोन दिवस गाडी घरी ठेवा.” समोर आलेले गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकते हे ठाऊक असूनही दिलेला असा नकार मला फार मोलाचा वाटला.

योग्य बॅटरी म्हणजे कोणती, याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. डिकीत बसणाऱ्या बॅटरीचा प्रकार एजीएम (ॲब्सॉर्बन्ट ग्लास मॅट) असावा लागतो. यात आम्ल मोकळे नसते. शिशाच्या पट्ट्यांमध्ये दाबून बसवलेल्या काचतंतूंच्या चटईत ते शोषलेले असते. त्यामुळे ते सांडत नाही, चार्ज होताना तयार होणारा ऑक्सिजन आतल्या आत पुन्हा पाण्यात बदलतो, आणि वारंवार खोलवर उतरणे ती साध्या बॅटरीपेक्षा अधिक सोसते. हायब्रिडमध्ये हाच गुण कामाचा आहे, कारण तिथे बॅटरीकडून एका क्षणाचा मोठा झटका मागितला जात नाही. दिवसेंदिवस थोडी थोडी वीज देत राहण्याची अपेक्षा असते. म्हणून लेबलवर थंडीत मिळणाऱ्या झटक्याचे अँपिअर किती आहेत ते पाहू नये, अँपिअर-अवर पाहावेत.

बॅटरीवरचा जपानी पद्धतीचा संकेत वाचता येणे उपयोगी ठरते. उदाहरणार्थ, टोयोटा प्रियसच्या मूळ बॅटरीवर ‘एस३४बी२०आर’ असे छापलेले असते. त्यातला पहिला ‘एस’ ती बंदिस्त असून वायूच्या नळीची सोय असलेली आहे असे सांगतो, ‘३४’ हा क्षमतेचा दर्जा आहे, ‘बी’ ही रुंदी-उंचीची श्रेणी, ‘२०’ म्हणजे लांबी सुमारे वीस सेंटिमीटर आणि शेवटचे ‘आर’ किंवा ‘एल’ हे टर्मिनलची बाजू दाखवते. शेवटचे अक्षर चुकले तर बॅटरी खोबणीत बसते पण गाडीची तार टर्मिनलपर्यंत पोहोचत नाही, आणि मग तार ताणून किंवा जोड देऊन काम भागवण्याचा मोह होतो. पहिले अक्षर चुकले तर त्याहून वाईट. नळी लावायला जागाच नसते. ‘बी’ श्रेणीतली टर्मिनल बहुधा बारीक असतात, त्यामुळे चिमटाही जुळणारा हवा.

‘स्मार्ट हायब्रिड’ अशी पट्टी असलेल्या मारुतीच्या गाड्यांच्या मालकांनी यातले सगळे स्वतःला लागू करू नये. त्या सौम्य हायब्रिड आहेत, त्यांत दोनशे व्होल्टची बॅटरी नसते आणि बाराच व्होल्टची बॅटरी वारंवार इंजिन सुरू करते. त्यांची बॅटरी बॉनेटखाली असते आणि तिची निवड वेगळी होते. आपल्याकडे होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली, पण रस्त्यावर स्ट्राँग हायब्रिड खऱ्या अर्थाने दिसू लागल्या त्या २०२२ मध्ये ग्रँड विटारा, हायरायडर आणि सिटीची हायब्रिड आवृत्ती आल्यानंतर. त्यामुळे आपल्या शहरातल्या दुकानांत या बॅटऱ्यांचा साठा कमी असणे मी समजू शकते. एक्साइड आणि अमरॉन यांच्या साध्या बॅटऱ्या कोणत्याही चौकात मिळतात. नळीच्या छिद्राची, बारीक टर्मिनलची एजीएम मात्र सांगून मागवावी लागते. मी घेतलेल्या बॅटरीची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, कारण माप आणि प्रकार जुळला तर ज्या कंपनीचा माल ताजा असेल तो घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ताजेपणाचा मुद्दा अण्णांच्या दुकानात मला अनुभवायला मिळाला. दोन दिवसांचे चार दिवस झाले, ही पहिली तक्रार इथेच नोंदवते. बॅटरी आली तेव्हा तिच्यावरच्या संकेतावरून ती पाच महिन्यांपूर्वी बनलेली असल्याचे त्यांनीच दाखवले, आणि मी मीटर लावला तेव्हा १२.५२ व्होल्ट भरले. पूर्ण भरलेली एजीएम काही तास शांत ठेवल्यावर १२.८ किंवा त्याहून थोडी अधिक दाखवते. साडेबाराच्या आसपास म्हणजे तिच्यातला जवळपास तिसरा हिस्सा रिकामा. गोदामाच्या उष्णतेत पडून राहिलेली बॅटरी अशी अर्धवट अवस्थेत दिली गेली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसू लागतो आणि नवी वस्तू पहिल्याच दिवसापासून म्हातारी होते. अण्णांनी वाद न घालता ती रात्रभर योग्य चार्जरवर ठेवली, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मोजली, १२.८६ आली, तेव्हाच बसवली. नवी बॅटरी घेताना दुकानाच्या काउंटरवरच व्होल्टेज मोजायला सांगावे. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

बसवण्याचे काम त्यांच्या हाताखालच्या मुलाने पाऊण तासात केले. गाडी बंद करून, रिमोट दूर ठेवून काही मिनिटे थांबला. आधी ऋण तार काढली, शेवटी ऋण तार लावली. नारिंगी रंगाच्या जाड तारांच्या जवळही गेला नाही, कारण त्या दोनशे व्होल्टच्या असतात. जुन्या बॅटरीला चिकटवलेला तापमान मोजणारा छोटा सेन्सर त्याने न विसरता नव्या बॅटरीवर बसवला. हा सेन्सर लोंबकळत राहिला तर कन्व्हर्टरला बॅटरीचे खरे तापमान कळत नाही आणि चार्जिंगचे व्होल्टेज चुकते. दोष एकच राहिला. नळीचा कोपरा, म्हणजे बॅटरीच्या छिद्रात बसणारा प्लॅस्टिकचा छोटा वाकडा तुकडा, उष्णतेने ठिसूळ होऊन काढतानाच मोडला आणि दुकानात दुसरा नव्हता. तो मला दुसऱ्या दिवशी गाडीच्या सुट्या भागांच्या काउंटरवरून आणावा लागला आणि तोवर गाडी मी चालवली नाही. बॅटरीला ११,८०० रुपये पडले, जुनी जमा केल्याबद्दल ९०० रुपये वजा झाले. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच जमा करावी; शिसे विषारी आहे, आणि २००१ च्या आणि नंतर २०२२ च्या नियमांचा रोख ती अधिकृत पुनर्वापराकडे जावी असाच आहे. बिलावर बॅटरीचा क्रमांक लिहिलेला नव्हता. तो मी आग्रहाने लिहून घेतला, कारण चोवीस महिन्यांच्या वॉरंटीत पुढे उपयोगी पडेल तो हाच क्रमांक.

आता चार्जरविषयी. पाच अँपिअरचा हा स्वयंचलित चार्जर ५,२०० रुपयांना मिळाला आणि त्यात एजीएमसाठी वेगळी सेटिंग आहे. पाचच अँपिअर का, असे अनेकांनी विचारले. बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतका प्रवाह सुरक्षित मानतात. ४५ ला पाच हा त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ बसतो, आणि आपल्या उन्हाळ्यात खालचे टोकच बरे. घाईत वीस-पंचवीस अँपिअर ढकलले तर बॅटरी आतून तापते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते हा शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचा सर्वमान्य ठोकताळा आहे.

याच कारणाने मी तापमानानुसार व्होल्टेज बदलणाराच चार्जर मागितला होता. एजीएमला पंचवीस अंशांवर साधारण १४.४ ते १४.७ व्होल्टपर्यंत नेतात. पण प्रत्येक अंश वाढीमागे दर सेलला तीन ते चार मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. बॅटरीत सहा सेल असतात. त्रेचाळीस अंशांच्या दुपारी, म्हणजे अठरा अंश अधिक असताना, हा फरक तीन ते चार दशांश व्होल्ट होतो, आणि १४.७ ऐवजी १४.३ च्या आसपास थांबणे योग्य ठरते. माझ्या चार्जरने पंख्याखालच्या खोलीत सकाळी १४.६ आणि शेडमध्ये भर दुपारी १४.३ दाखवले, तेव्हा त्याचे काम बरोबर आहे याची खात्री पटली. थंड देशांसाठी बनवलेल्या स्वस्त चार्जरमध्ये ही सोय बहुधा नसते, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तो रोज थोडी थोडी जास्त भरणी करून बॅटरी वाळवून टाकू शकतो. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे : या चार्जरचा तापमापक त्याच्या स्वतःच्या डब्यात आहे, बॅटरीजवळ नाही. चार्जर बाहेर सावलीत आणि बॅटरी तापलेल्या डिकीत असेल तर तो फसतो. म्हणून मी दुपारी चार्जिंग करतच नाही. रात्री दहानंतर, डिकी तासभर उघडी ठेवून निवू दिल्यावर लावते.

डिकी उघडी ठेवून चार्ज करताना डिकीचा दिवा आणि संगणक जागे राहतात आणि चार्जरचा काही प्रवाह त्यांच्यातच जातो. यावर अण्णांनी सुचवलेला उपाय मला फार आवडला. त्यांनी बॅटरीच्या टर्मिनलला फ्यूज असलेली एक कायमची छोटी वायर बसवली आणि तिचे टोपीवाले टोक मागच्या सीटच्या बाजूने हाताशी आणून दिले. या कामाचे ३५० रुपये घेतले. आता चिमटे लावण्याची, उलटे लागण्याची आणि ठिणगी पडण्याची चिंताच राहिली नाही. ज्यांच्याकडे अशी वायर नाही त्यांनी धन चिमटा आधी, ऋण चिमटा गाडीच्या धातूला नंतर, आणि चार्जरचा प्लग सगळ्यात शेवटी लावावा. काढताना प्लग आधी काढावा.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे विचारात घ्यावाच लागतो. काही चार्जर वीज जाऊन आल्यावर मूळ सेटिंगवर, म्हणजे पाण्याच्या बॅटरीच्या सेटिंगवर जातात किंवा बंदच राहतात. विकत घेण्यापूर्वी मी दुकानातच भिंतीवरचा खटका तीन वेळा बंद-चालू करून पाहिला. तिन्ही वेळा चार्जर एजीएमवरच परत आला. त्याची वायर जेमतेम दीड मीटर आहे आणि सूचनापत्रक बारीक इंग्रजीत आहे, या दोन गैरसोयी राहतात. निम्मी उतरलेली बॅटरी भरायला त्याला सात ते आठ तास लागतात, कारण पहिले चार-साडेचार तास पूर्ण पाच अँपिअर जातात आणि शेवटचा हिस्सा बॅटरी अगदी हळूहळू घेते.

हे शेवटचे वाक्य ज्यांची गाडी फक्त शहरात फिरते त्यांनी नीट लक्षात घ्यावे. जुळे सोलापुरातून नवी पेठेत जाऊन यायला जाता-येता पंधरा-वीस मिनिटे लागतात. एवढ्या वेळात कन्व्हर्टर बॅटरीला चौदा व्होल्ट देतो खरा, पण उतरलेली बॅटरी तेवढ्या वेळात पूर्ण भरत नाही. थोडी भरते, पुन्हा उभी राहते, पुन्हा थोडी उतरते, आणि अशा अर्धवट अवस्थेत महिने काढते. चार्जर नसेल तर आठवड्यातून एकदा तुळजापूरपर्यंतची पंचेचाळीस किलोमीटरची फेरी, किंवा मोकळ्या हवेत गाडी ‘रेडी’ आणि ‘पी’ मध्ये ठेवून तासभर थांबणे, हा पर्याय आहे. त्या तासात इंजिन अधूनमधून आपोआप सुरू होते, म्हणून बंद गॅरेजमध्ये हे कधीही करू नये. गिअर ‘एन’ मध्ये ठेवू नये, कारण त्या स्थितीत मोठी बॅटरी भरली जात नाही.

वर्षभरात मी गाडी वेगवेगळे दिवस उभी ठेवून सकाळी, दार उघडण्यापूर्वी, त्या कायमच्या वायरच्या टोकावर व्होल्टेज मोजले. त्यासाठी टोक काचेच्या फटीतून बाहेर काढून ठेवत असे. आठ दिवसांनंतर १२.७२. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे सिद्धेश्वर मंदिराकडचे रस्ते बंद होते आणि गाडी बारा दिवस हलली नाही, तेव्हा १२.६५. पंधरा दिवसांनंतर १२.६०. मी १२.५ ही स्वतःसाठी मर्यादा ठरवली आहे. तिच्या जवळ आकडा आला की रात्री चार्जर लागतो. गाडी थांबवल्याबरोबर मोजलेला आकडा खोटा आशावाद देतो, हेही नोंदींतून दिसले. चार्जिंग बंद केल्यावर लगेच १३.१ दाखवणारी बॅटरी सहा तासांनी १२.८५ वर स्थिरावली.

यंदाच्या मेमध्ये मी पुन्हा पुण्याला गेले आणि एकवीस दिवस राहिले. घर बंद असताना चार्जर लावून जाणे मला सुरक्षित वाटले नाही, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरली, डॅशकॅमची वायर काढली, रिमोट आतल्या कपाटात ठेवला. परतल्यावर शेडमध्ये गेले तेव्हा मनात धाकधूक होतीच. मीटरने १२.४९ दाखवले, ३० मिलिअँपिअरच्या हिशेबाने पंधरा अँपिअर-अवर जायला हवेत आणि ४५ मधले तेवढेच गेले होते. दार उघडले, ‘रेडी’ लागले.

त्याच आठवड्यात टर्मिनल तपासून घ्यायला अण्णांच्या दुकानात गेले होते. त्यासाठी त्यांनी पैसे घेतले नाहीत. दुपारच्या वेळी त्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे सकाळी दहाच्या सुमारास जावे आणि आधी फोन करून बॅटरी मागवून ठेवायला सांगावी. मागच्या वर्षीच्या मोडलेल्या कोपऱ्याची मी आठवण करून दिली, तेव्हा त्यांनी खण उघडून तसलेच चार नवे कोपरे दाखवले आणि त्यातला एक माझ्या हातात ठेवला.